धानाचा करपा : वर्गीकरण आणि निदान

वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा (देसाईगंज) परिसरात धान हे खरिपाचे मुख्य पीक आहे. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि पानांवर फार वेळ टिकणारा ओलावा असला, की या पिकावर करपा पडतो. पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी व कडेने तपकिरी ठिपके उमटतात. लोंबीच्या मानेला लागण झाल्यास मान काळी पडून मोडते आणि दाणे पोचट राहतात.

करप्यास कारणीभूत बुरशीचे शास्त्रीय नाव पायरिक्युलारिया ओरायझी असे आहे. ॲस्कोमायकोटा संघ, सॉर्डारिओमायसीटीज वर्ग, मॅग्नापोर्थेलीज गण व पायरिक्युलारिएसी कुल असे तिचे वर्गीकरणातील स्थान आहे. तिची बीजुके नासपतीच्या आकाराची असतात. प्रजातीचे नाव त्यावरूनच पडले. इटालियन शास्त्रज्ञ कावारा यांनी १८९० च्या दशकात धानावरील या जातीचे नामकरण केले. पुढे प्रयोगशाळेत तिची लैंगिक अवस्था आढळली व तिला मॅग्नापोर्थे हे वेगळे नाव मिळाले. २००२ मध्ये जनुकीय अभ्यासावरून धानावरील ओरायझी ही जाती गवतावरील ग्रिसिया या जातीपासून वेगळी करण्यात आली. एका बुरशीस एकच नाव, हा नियम २०११ मध्ये मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरला. तरीही ग्रंथांमधून दोन्ही नावे आढळतात.

हे वर्गीकरण शेतकऱ्याच्या खर्चाशी निगडित आहे. ‘कडा करपा’ हा नावाने करप्यासारखा असला, तरी तो झँथोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे होतो. त्यावर बुरशीनाशक फवारणे व्यर्थ ठरते. तेथे रोगट बांधीतील पाणी दुसऱ्या बांधीत न सोडणे व नत्रखताची मात्रा आवरणे हितावह असते. तपकिरी ठिपक्यांचा रोग बायपोलारिस ओरायझी या निराळ्या बुरशीचा असून अन्नद्रव्यांची उणीव असलेल्या जमिनीत तो बळावतो. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाशी त्याचा संबंध जोडला जातो.

करप्याची बुरशी काळ्या रंगद्रव्याच्या आधारे प्रचंड दाब निर्माण करून पानात शिरते. ट्रायसायक्लॅझोल हे औषध ते रंगद्रव्यच तयार होऊ देत नाही. म्हणून ते करप्यावर गुणकारी ठरते, कडा करप्यावर नाही. फवारणीपूर्वी रोगाची ओळख पटवून घेणे अगत्याचे आहे, ते यासाठीच.