गोणी, कोठी आणि शेअरची मूळ किंमत

पोहरादेवीत हिशेबाच्या इतिहासावर बोलायचे, तर सुरुवात लदेणीपासूनच करायला हवी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे हे गाव बंजारा समाजाची काशी, आणि या समाजाचा जुना धंदा म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून एका मुलखातला माल दुसऱ्या मुलखात विकणे. पीटर मंडी या इंग्रजाला १६३२ साली प्रवासात धान्य वाहणारा १४,००० बैलांचा तांडा भेटला होता.

आता बघा, नफा म्हणजे विक्रीतून खरेदी वजा, हे शाळेतले पोरही सांगेल. पण खरेदी म्हणजे नेमके काय? मिठाच्या गोणीला किनाऱ्यावर दिलेले पैसे, एवढेच? वाटेतली जकात धरायची की नाही? वाटेत मेलेला बैल? आणि बैल रानात फुकट चरले, ते कोणत्या खात्यात? तांड्याची वाहतूक स्वस्त पडे ती या चराईवर. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली आणि लदेणीचे गणित मोडले.

रेल्वेच्या थोडेसेच आधी, अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते ६५) आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे भाव आले आणि तो पैसा मुंबईत शेअरांमध्ये ओतला गेला. युद्ध संपले, भाव कोसळले. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवरून ८७ वर आला. आता ज्याने तो ५०० ला घेतला होता त्याचा तोटा ४१३, आणि ज्याने शिखरावर घेतला त्याचा २,७६३. कागद तोच, बाजारभावही तोच! पहिला माणूसही रडताना २,८५० चाच आकडा धरून रडतो, ही गोष्ट वेगळी. तोटा शेअरमध्ये नसतो, तो आपण मागे कुठे बोट ठेवतो त्यावर असतो.

हे बोट कुठे ठेवायचे, हे पुढे कायद्याने ठरवायला घेतले. भांडवली नफ्यावरचा कर आपल्याकडे १९४७ साली आला, १९४९ मध्ये गेला, कॅल्डॉर यांच्या अहवालानंतर १९५७ पासून परत आला. कागदी शेअरच्या काळात प्रत्येक शेअरला क्रमांक असे. कोणता विकला ते दाखवता येई. ती गोणी होती म्हणा ना. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर डीमॅट आले, क्रमांक गेले, गोण्या सोडून धान्य एकत्र ओतले गेले. मग विकला तो कोणता? पेवातले धान्य वरून काढतात, म्हणजे शेवटी भरलेले आधी निघते. मातीच्या कोठीला खाली भोक असते, तिथून आधी भरलेले आधी येते. कायद्याने कोठी निवडली.

समजा, १० शेअर १०० ला घेतले, पुढे आणखी १० घेतले १६० ला, आणि २०० च्या भावाने १० विकले. कोठीच्या रीतीने नफा १,०००. पेवाच्या रीतीने ४००. सरासरी काढली तर ७००. पुष्कळ जण वहीत सरासरी लिहितात आणि विवरणपत्र भरताना गोंधळतात. दलाली हिशेबात धरता येते, पण व्यवहारावरचा एसटीटी धरता येत नाही. ही आमच्या मते आजची जकातच!

२००४ ते २०१८ या काळात एसटीटी भरून विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता. मग कर परत आला, पण जुन्या धारकांसाठी ३१ जानेवारी २०१८ ही रेघ आखली. १०० ला घेतलेला शेअर त्या दिवशी ४०० ला होता आणि पुढे ५०० ला विकला, तर नफा १०० च. ३०० ला विकला तर शून्य; तोटा मात्र दाखवता येत नाही. ८० ला विकला तर तोटा २०, कारण तिथे खरी खरेदीच धरतात. हा इतिहास पुसण्याचा नव्हे, मर्यादित विसरण्याचा नियम आहे, आणि आम्हांला तो न्याय्य वाटतो.

वारसाने आलेल्या शेअरला मात्र शून्य धरू नका, किंवा वडील वारले त्या दिवसाचा भावही धरू नका. वडिलांनी दिलेली किंमत हीच मुलाची किंमत, आणि त्यांनी ते धरले तो काळही मुलाच्या खात्यात जमा होतो. म्हणून ट्रंकेतली जुनी दलालाची बिले रद्दीत घालण्याआधी एकदा उलगडून पाहा.