चूक कोणाची? कामावरच्या अपघाताच्या भरपाईची गोष्ट

कारखान्यात काम करता करता एखाद्याचा हात यंत्रात सापडला, तर पुढे काय होतं? दवाखान्याचा खर्च कोण करतं? घर कसं चालतं? आज आपण पटकन म्हणतो, "मालकाने भरपाई द्यायला हवी." पण हे कायद्यात यायला आपल्या देशात १९२३ साल उजाडावं लागलं. त्याआधी एकच प्रश्न विचारला जायचा: चूक कोणाची? तो प्रश्न कसा बदलला, ते आज पाहू.

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण इंग्रजी अमलात आपल्याकडची न्यायालयं बरीचशी तिकडच्या तत्त्वांवर चालायची. १८३७ साली तिथे एक खटला गाजला. एका खाटकाकडे काम करणारा पोरगा माल पोचवायला निघाला होता. गाडीत वाजवीपेक्षा जास्त ओझं भरलेलं होतं. गाडी मोडली आणि पोराच्या मांडीचं हाड मोडलं. ज्यूरीने त्याला १०० पौंड द्यायला सांगितले, पण वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायाधीशांना भीती अशी, की हे एकदा मान्य केलं तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातलं म्हणूनही नोकर मालकाला कोर्टात खेचेल! त्यातून पुढे तत्त्व रूढ झालं: सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. आता गिरणीत चूक होणार ती बहुधा कुठल्या तरी कामगाराचीच. म्हणजे मालक सुटला.

आपल्याकडे १८५५ चा प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा होता. त्यानुसार मृताच्या घरच्यांना दावा लावता यायचा, पण समोरच्याचा दोष सिद्ध करावा लागायचा. नवरा गमावलेल्या बाईने वकील कुठून आणायचा? आणि साक्ष देणारे कामगार त्याच मालकाच्या पगारावर!

आता या मुंबईत. साल १८८४. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपण रविवारच्या सुट्टीसाठी ऐकलेलं असतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळावा हेही होतं. आणि एक मागणी होती जिची आठवण फारशी कोणी काढत नाही: कामावर गंभीर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्या माणसाच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

लक्षात घ्या, "मालकाची चूक असेल तर" अशी अट त्यात नाही. कामावर इजा झाली, एवढंच पुरे. योगायोग असा, की त्याच १८८४ साली बिस्मार्कच्या जर्मनीने अपघात विम्याचा कायदा केला. खुद्द इंग्लंडला दोषाचा प्रश्न बाजूला ठेवणारा कायदा करायला १८९७ उजाडलं. म्हणजे आपले गिरणी कामगार हे विचारत होते, तेव्हा त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांच्या देशातही असा कायदा नव्हता.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. भरपाईची मागणी मात्र पडून राहिली. पहिल्या महायुद्धानंतर संपांची लाट आली, १९२० मध्ये मुंबईत आयटक स्थापन झाली, आणि १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. निवेदनापासून मोजलं तर जवळपास ४० वर्षं!

या कायद्याने प्रश्नच बदलला. "चूक कोणाची?" ऐवजी "अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला का?" रक्कम सूत्राने ठरायची. मृत्यू झाला तर ३० महिन्यांचा पगार, पण २,५०० रुपयांच्या वर नाही. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ४२ महिन्यांचा, कमाल ३,५००. महिना ३० रुपये मिळवणाऱ्याच्या घरी त्याच्या मृत्यूनंतर ९०० रुपये यायचे. तो अंथरुणाला खिळला तर १,२६०. मृत्यूपेक्षा अपंगत्वाला जास्त का? कारण त्या माणसालाही खायला लागतं, औषधपाणी लागतं.

कायद्यात आणखी काही शहाणपणाच्या गोष्टी होत्या. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर कुणाच्या हातात ठेवायची नाही, आयुक्तांकडे जमा करायची. ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला, तर मूळ मालकही हात झटकू शकत नाही. आणि "माझा हक्क सोडला" असा करार करून घेतला, तरी तो कागद रद्दच.

स्वातंत्र्यानंतर पुढचं पाऊल पडलं ते विम्याचं. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरमध्ये त्याची सुरुवात केली. त्यात भरपाई एका मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहत नाही, ती सामाईक निधीतून मिळते.

तरीही वाद संपले नाहीत. ओडिशातल्या एका सुताराची गोष्ट ऐका. चित्रपटगृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाच्या मते हे अपंगत्व अर्धवट होतं. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे या माणसापुरतं ते संपूर्ण अपंगत्वच. शिवाय भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे.

रकमाही हळूहळू बदलल्या. सध्याच्या सूत्राने मृत्यूसाठी पगाराचा निम्मा भाग वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. ३० वर्षांच्या कामगारासाठी तो आकडा २०७.९८. पगार १५,००० धरला तर रक्कम होते १५,५९,८५०. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता हा जुना कायदा सामावून घेतला आहे.

पण मंडळी, सूत्र कागदावर असतं आणि पैसे हातात यावे लागतात. महाराष्ट्रात एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे ३ च्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वातीन लाख रुपये मंजूर झाले. पुढे उच्च न्यायालयाने ते नाकारले, कारण तो अजून कामावर पोचला नव्हता! जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास वेळ, जागा आणि परिस्थितीने कामाशी जोडलेला असेल, तर तोही कामाचाच भाग, असा तो निकाल. त्याला लागली २२ वर्षं.

म्हणून ही गोष्ट नुसती जुनी नाही. नाक्यावर उभे राहणारे, ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणारे आपल्या आसपास आहेत. कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची लेखी माहिती मालकाने द्यावी, अशी दुरुस्ती २०१७ साली झाली. ती किती जणांना मिळते, ते तुमच्या ओळखीच्या कामगारांना विचारून पाहा. मिळाली नसेल, तर तुम्ही सांगा. ५,५०० माणसांनी सह्या करून मागितलेली ही गोष्ट आहे, ती निदान माहीत तरी असायला हवी.