कोहमाऱ्याच्या चौकात आरोपी कोण?

जुना ६ आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कोहमाऱ्याला गोंदियाच्या रस्त्याला भेटतो. अशा नाक्यावर सायकलवाल्याला धडक बसली की पानठेल्यावरचा निकाल ठरलेला असतो: चूक त्याचीच.

या मताचा पूर्वपक्ष दुबळा नाही. सायकलवाले उलट्या बाजूने येतात. अंधारात ना दिवा, ना रिफ्लेक्टर. लायसन्स नाही, रस्त्याचा कर नाही. ज्याने नियमांची परीक्षाच दिली नाही, तो नियम काय पाळणार? यातल्या तक्रारी खऱ्या आहेत. बिनदिव्याची सायकल रात्री महामार्गावर आणण्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र तक्रार खरी असली म्हणून तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल पाहा. देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत ४,८३६ सायकलस्वार होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता. आता सांगा, अतिवेग करण्याची ताकद सायकलीत आहे काय? स्वारासह ८० किलोची सायकल ताशी १५ किलोमीटरने जाते, एक टनाची मोटार ताशी ८० ने. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून मोटारीची ऊर्जा सायकलीच्या सुमारे साडेतीनशे पट भरते. सायकलवाल्याच्या चुकीची किंमत बहुधा तो स्वतः मोजतो, मोटारवाल्याच्या चुकीची समोरचा. या दोन चुका एकाच तराजूत घालणे म्हणजे न्याय नव्हे.

गोंदिया-कोहमारा मार्गावर २९ नोव्हेंबर २०२४ रोजी शिवशाही बस उलटून ११ प्रवासी गेले. पुढच्या मोटारसायकलीला वाचवताना ती उलटल्याचे तेव्हा सांगण्यात आले. एका अपघातावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण त्या प्रसंगात सायकल कुठे होती?

लायसन्सचा मुद्दा तर उलटाच पडतो. देशातल्या बहुसंख्य अपघातांत चालकाच्या खिशात वैध परवाना असतो. कराचे म्हणाल, तर १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून एक ठोकताळा निघाला: रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, झीज सोळापट. या हिशेबात सायकलीच्या वाट्याला काय येते? जवळजवळ शून्य.

उरली उलटी बाजू. पूर्वपक्षाचा हाच सर्वांत बळकट मुद्दा, म्हणून त्याच्याशी जरा थांबून बोलू. चौपदरी रस्त्याला दुभाजक घातला आणि त्यातली फट लांबवर ठेवली, की पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलीपुढे दोनच वाटा उरतात: भरधाव ट्रकांच्या सोबतीने लांबचा वळसा, नाहीतर कडेकडेने उलटे जाणे. ती दुसरी निवडते. तिच्या बापाची मोटारसायकलही तेच करते. बोल मात्र सायकलला लागतो. आणि ही सायकल तिला दिली कोणी? मानव विकास कार्यक्रमातून गोंदियासह मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शासनच सायकली देते. योजना उत्तम आहे. पण सायकल देणाऱ्या हाताने तिची वाट का आखू नये? पेंचमध्ये नागपूर-सिवनी महामार्गावर वन्यप्राण्यांना खालून जाण्यासाठी मार्ग बांधले, आणि योग्यच केले. वाघाला उलट्या बाजूने येतो म्हणून कोणी दोषी धरले नाही. मुलीला मात्र धरतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. सायकली, पादचारी आणि राष्ट्रीय महामार्गांवरचा त्यांचा वावर यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. तो वापरून आधी नाक्यानाक्यावर सायकलीला वेगळी पट्टी आणि सुरक्षित ओलांडमार्ग द्या. मग बिनदिव्याच्या सायकलवाल्याला खुशाल दंड करा. पहिली पावती फाडायला मी स्वतः साक्षीला येईन.