बंदुकीसाठी बांधलेला रस्ता

आमचे थोरले भाई एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशातून त्यांनी पहिली खरेदी केली ती कॅमेऱ्याची. भाईंचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. कॅलिपर आणि कुबडी यांवर त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली. येवल्याच्या घराच्या अंगणातले बुलबुल, चिमण्या, वेडे राघू टिपून झाल्यावर त्यांनी मला फर्मान सोडले, "जंगल तो बहुत हैं रे. मेरे कू जाने का रास्ता किधर हय, वो देख."

मी शोधू लागलो. प्रत्येक अभयारण्याच्या माहितीत पक्ष्यांच्या जाती किती, वाघ किती, हे सापडायचे. वाट सपाट आहे की खडकाळ, मनोऱ्याला पायऱ्या किती, कुबडी घेऊन स्वच्छतागृहात शिरता येते का, हे कुणी लिहीत नाही. एका ठिकाणी फोनवर 'काही अडचण नाही' असे ऐकून गेलो, तर जिप्सीचा पायठा भाईंच्या मांडीपर्यंत येत होता. ते दिवसभर फाटकाजवळच्या झाडाखाली बसून राहिले. तक्रार केली नाही. मला तेच जास्त लागले.

मग एका जाणत्या पक्षीमित्राने भरतपूरचे नाव सुचवले. राजस्थानातले केवलादेव घना. जानेवारीत आम्ही दोघे तिथे पोहोचलो. फाटकातून केवलादेवाच्या मंदिराकडे जाणारा रस्ता पक्का आणि सपाट. खासगी मोटारी आत सोडत नाहीत; पायी जा, सायकलने जा किंवा सायकलरिक्षात बसा. आमचे रिक्षावाले एक वयस्क सरदारजी होते. त्यांनी भाईंना हात देऊन वर बसवले, कुबडी नीट आडवी ठेवली आणि पक्षी दिसला की न सांगता ब्रेक लावू लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी. तलवार बदके, थापट्ये, वारकरी आणि लांब उभी असलेली सारसांची जोडी. भाई बसल्या जागेवरून फोटो काढत होते. त्यांना कुणीच "थांबा, आम्ही जाऊन येतो" म्हटले नाही.

हे जंगल इतके सोयीचे कसे, याचे उत्तर मंदिराजवळ दगडावर कोरलेले आहे.

तिथल्या शिळांवर शिकारींच्या नोंदी आहेत. तारीख, कुणाच्या सन्मानार्थ शिकार, बंदुका किती, पक्षी किती. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत 4,273 पक्षी मारले गेले. भाईंनी आकडा दोनदा वाचला आणि कॅमेरा खाली ठेवला.

घना हे मुळात पूर्ण नैसर्गिक रान नाही. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराच्या वाटेवरची ही सखल जमीन. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध झाला आणि पावसाचे पाणी इथे साचू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने छोटे बांध घालून, पाणी सोडण्याची दारे बसवून या जागेची बदकांच्या शिकारीसाठी आखणी केली. 1902 मध्ये लॉर्ड कर्झन यांच्यासाठी पहिली मोठी शिकार झाली. साहेबलोकांना चिखल न तुडवता नेमबाजीच्या जागेपर्यंत जाता यावे, यासाठी बांधांवरून वाटा केल्या. पक्षी माणसाच्या जवळ यावेत आणि माणूस आरामात बसलेला असावा, हीच त्या आखणीची कल्पना. कॅमेरेवाल्यालाही नेमके हेच हवे असते. ज्या सोयीमुळे आमच्या भाईंना सारस दिसला, ती सोय बंदुकीसाठी झाली होती.

लिनलिथगोंच्या त्या शिकारीच्या दिवशी मुंबईच्या एका माणसाचा बेचाळिसावा वाढदिवस होता. सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा. सुलेमानी बोहरा घराण्यातला, आईवडिलांविना मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतल्या घरात वाढलेला हा मुलगा. त्यांची पक्ष्यांशी ओळखही बंदुकीनेच झाली. एअरगनने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि मग कायमचे तिथलेच झाले. स्वातंत्र्यानंतर घनाचे पाणी काढून शेतीला जमीन द्या, अशी मागणी जोर धरू लागली, तेव्हा ते मध्ये पडले आणि तळे वाचले. 1956 मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र 1972 पर्यंत चालू होता.

इथेच सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे मोठे काम केले. पक्षी इजा न होता धरायचे कसब बिहारच्या मीरशिकार या मुस्लिम जमातीकडे होते. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून पोट भरणारे हे लोक. त्यांच्यातल्या अली हुसेन यांचे नाव पक्षीअभ्यासक आजही आदराने घेतात. पकडायची विद्या तीच, फक्त पक्षी आता कडी घालून पुन्हा आकाशात सोडला जात होता.

इथवरची गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे सलीम अलींचे नाव असेच घेतले जाते, आणि गोष्ट इथेच थांबवली जाते. पुढचा भाग अवघड आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घना राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1982 मध्ये म्हशी चारण्यावर बंदी आली. आजूबाजूच्या गावांची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होती. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. बंदीच्या बाजूने खुद्द सलीम अली होते. जनावरे गेली की पक्ष्यांना बरे, असा त्यांचा आणि इतर अनेक जाणकारांचा समज होता.

घडले उलटे. म्हशी खात होत्या ते पाणगवत माजले, उघडे पाणी कमी झाले, पक्ष्यांची अडचण झाली. हे सिद्ध केले ते सलीम अलींच्याच संस्थेने, दहा वर्षांच्या अभ्यासातून. म्हशी तळ्याच्या शत्रू नव्हत्या, त्या त्याची राखण करत होत्या, असा त्याचा अर्थ. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी द्यावी लागली. गोळीने गेलेले मात्र परत आले नाहीत. मंदिराजवळच्या शिळेवर 4,273 बदकांचा हिशेब आहे. त्या माणसांचा हिशेब मला तिथे दिसला नाही.

सलीम अलींचा मोठेपणा मी यामुळे कमी मानत नाही. आपल्या माणसाची चूक आपणच सांगावी, एवढेच. त्यांच्या संस्थेने ती दडवली नाही, मग आपण का दडवावी?

परतीच्या गाडीत मी भाईंना म्हणालो, "आपल्यासाठी जंगल शोधताना आपण विचारत होतो, फाटक आपल्याला उघडे आहे का. ते आणखी कुणाला बंद झाले, हे विचारलेच नाही." भाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "फाटकाबाहेर बसनेवाले का हाल मेरे कू मालूम है."

आता आम्ही दूर जात नाही. येवल्याहून जवळच, निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला, गाळ साचला, उथळ पाणथळ तयार झाली. तीही माणसाच्याच हातची. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि नंतर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. भाई मनोऱ्यावर चढत नाहीत. काठावर घडीची खुर्ची टाकून बसतात. मागच्या रविवारी एक गुराखी म्हशी घेऊन जवळून गेला. भाईंनी भिंग पाण्यावरून वळवले आणि आधी त्याला विचारले, "फोटो काढू का?" तो हसला. भाईंच्या त्या दिवसाच्या फोटोंत तो पहिला आहे. वारकरी आणि थापट्ये त्याच्यानंतर.