इंजिनीअरिंगनंतर एमबीए: करिअर बदलायला नेमका उपयोग काय?

इंजिनीअरिंग झालं, आयटीत नोकरी लागली, दोन-तीन वर्षं कोडिंग किंवा टेस्टिंग केलं आणि आता वाटतंय की आयुष्यभर हेच काम नको. अशा वेळी घरातले काका असोत की ऑफिसमधले सिनियर, सगळे एकच सांगतात, "एमबीए कर." पण एमबीए केल्यावर बदलतं काय, हे सहसा कोणी सांगत नाही. ते आज पाहूया.

एमबीएमध्ये काय मिळतं?

डेव्हलपर म्हणून आपण एखादी गोष्ट कशी बनवायची हे ठरवतो. काय बनवायचं, कोणासाठी आणि किती किमतीला विकायचं, हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. एमबीए ही त्या दुसऱ्या खुर्चीची तयारी असते. पहिल्या वर्षी अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, अर्थशास्त्र हे सगळ्यांनाच शिकावं लागतं. दुसऱ्या वर्षी आपल्या आवडीचे विषय निवडता येतात.

खरं सांगायचं तर यातले बरेच विषय यूट्यूबवर फुकट शिकता येतात. पैसे मोजायचे असतील तर ते समर इंटर्नशिपसाठी. दोन वर्षांच्या कोर्समध्ये पहिलं वर्ष संपल्यावर साधारण दोन महिने कंपनीत काम करावं लागतं. तुमच्या रेझ्युमेवर तीन वर्षं "जावा डेव्हलपर" लिहिलेलं असेल, तर जॉब पोर्टलवरून तुम्हाला जावाचेच कॉल येणार. मार्केटिंगची नोकरी मागायला गेलात तर मार्केटिंगचा अनुभव विचारतात, आणि तो तर नसतोच. ही कोंडी इंटर्नशिपमुळे फुटते. काम आवडलं तर तीच कंपनी कोर्स संपायच्या आधीच नोकरी देऊ करते. त्याला पीपीओ म्हणतात.

म्हणूनच आयएसबीसारखा एक वर्षाचा कोर्स घेताना नीट विचार करा. एक वर्षाचा पगार वाचतो हे खरं, पण तिथे समर इंटर्नशिपला जागाच नसते. क्षेत्र पूर्ण बदलायचं असेल तर माझ्या मते दोन वर्षांचा कोर्सच बरा.

कोणत्या कामासाठी एमबीए लागतं?

मॅनेजमेंट कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंग, साबण-बिस्किटं विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं ब्रँड मार्केटिंग, इथे फ्रेशर पातळीवरची भरती मुख्यतः बिझनेस स्कूलच्या कॅम्पसवरच होते. बाहेरून शिरणं फार अवघड.

प्रॉडक्ट मॅनेजरचं तसं नाही. ॲपमध्ये कोणतं फीचर आधी आणायचं हे ठरवणारा हा माणूस बरेचदा त्याच कंपनीतला जुना इंजिनीअर असतो. तुमच्या कंपनीत अशी अंतर्गत बदली होत असेल तर आधी ती मागून पाहा, लाखोंचा खर्च वाचेल.

आता सगळ्यांना माहीत असलेली दोन नावं. सुंदर पिचाई यांनी आयआयटी खरगपूरमधून धातुशास्त्रात इंजिनीअरिंग केलं, पुढे व्हार्टनमधून एमबीए केलं, मॅकिन्झीत कन्सल्टिंग केलं आणि २००४ मध्ये गूगलमध्ये प्रॉडक्टच्या कामाला लागले. सत्या नडेला यांनी मायक्रोसॉफ्टची नोकरी न सोडता शिकागो विद्यापीठातून एमबीए पूर्ण केलं. दोघांकडे तांत्रिक विषयातली मास्टर्स पदवीही होती, हे मात्र जाहिरातीवाले सांगत नाहीत.

प्रवेश कसा मिळतो?

आयआयएमसाठी कॅट परीक्षा असते. इंग्रजी, डेटा-लॉजिक आणि गणित असे ३ भाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. परीक्षा साधारण नोव्हेंबरच्या शेवटी होते. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला आयआयएम आहे. मुंबईचं म्हणजे पवईचं जुनं नीटी, २०२३ मध्ये त्याचं आयआयएम झालं.

इथे इंजिनीअर्सची गर्दी खूप असते. त्यामुळे अनेक आयआयएम इतर शाखांच्या मुलांना वेगळे गुण देतात. दहावी-बारावीचे मार्कही मोजले जातात, ते आता बदलता येत नाहीत. म्हणून फक्त कॅटवर अवलंबून राहू नका. राज्याची एमबीए सीईटी द्याच. २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीला गुण वजा नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेत याच सीईटीवर प्रवेश मिळतो आणि तिथली फी जुन्या आयआयएमपेक्षा बरीच कमी आहे.

खर्चाचा हिशोब

जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी २० लाखांच्या वर जाते. समजा तुम्ही २० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये बसतो. वर दोन वर्षांचा बुडालेला पगार. आज वर्षाला ८ लाख मिळत असतील तर ते १६ लाख. कर्जाच्या व्याजावर ८ वर्षांपर्यंत करात सूट मिळते, पण फक्त जुन्या कर पद्धतीत.

त्यामुळे कॉलेज निवडताना "सर्वोच्च पॅकेज" बघू नका. तो आकडा एकाच मुलाचा असतो. मधलं पॅकेज, म्हणजे मीडियन, विचारा. अनुभव असलेल्यांना वेगळं क्षेत्र मिळालं का, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर मेसेज करून विचारा. बरेच जण उत्तर देतात.

मोबाईलवरच्या जाहिराती

"नोकरी सांभाळून ६ महिन्यांत मॅनेजमेंट" अशा जाहिराती रोज दिसतात. मोठ्या संस्थेचं नाव असलं तरी तो बहुतेक वेळा सर्टिफिकेट कोर्स असतो, पदवी नाही. कॅम्पस प्लेसमेंटही नसतं. पूर्ण ऑनलाइन एमबीए करायचंच असेल तर त्या विद्यापीठाला ऑनलाइन कोर्सची परवानगी आहे का, ते पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या वेबसाइटवर तपासा.

पीजीडीएम असं नाव दिसलं म्हणून मात्र लगेच घाबरू नका. आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत पदवी देऊ शकत नव्हत्या, डिप्लोमाच देत होत्या. मुंबईची एसपीजैन संस्था पीजीडीएमच देते आणि कंपन्या तिथे रांग लावतात. अशा कोर्सला एआयसीटीईची मान्यता आहे ना, एवढं बघून घ्या.