कोंडवाडा
कोंडवाडा : पिकांची नासाडी करणारी किंवा मोकाट जनावरे मालकाने दंड भरून सोडवून नेईपर्यंत अडकवून ठेवण्याची सार्वजनिक जागा. ब्रिटिश अमदानीत १८५७ च्या कायद्याची जागा १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या अधिनियमाने घेतली. त्यातील ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती, उंट, घोडे, गाढवे, डुकरे व शेळ्यामेंढ्याही मोडत. मूळ दरपत्रकात हत्तीला दोन रुपये, म्हशीला आठ आणे, गायबैलांना चार आणे व शेळीला एक आणा दंड होता. महाराष्ट्रातील खेड्यांत हत्तीचा दंड क्वचितच वसूल झाला असेल.

पिकात धरलेले जनावर शेतकऱ्याने २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावयाचे असे. मालकाला दंडाखेरीज वैरणपाण्याचा खर्चही द्यावा लागे. सात दिवसांत कोणी न आल्यास पोलीस ठाण्यास वर्दी, नंतर नोटीस व दवंडी आणि आणखी सात दिवसांनी लिलाव, असा क्रम होता. जनावर बेकायदा धरले गेल्यास मालकाला दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येई. बळजोरीने ते सोडविणाऱ्यास मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शके.

दंड सरकारजमा होई. ज्याचे पीक गेले, त्याला भरपाईसाठी सामान्यतः वेगळा दावा लावावा लागे. ही या व्यवस्थेतील मोठीच उणीव होय. उलट, ऐन पेरणीत बैल अडकलेल्या गरीब कुणब्याला चार आणेही जड जात. वन अधिनियमांनी (१८७८, १९२७) राखीव जंगलात शिरलेल्या गुरांनाही हाच कायदा लावल्यामुळे चराईवर जगणाऱ्यांच्या वाट्याला कोंडवाडा वारंवार आला.