‘मरून्ड’ : एका कंटाळवाण्या सिनेमाचा लांबलेला निकाल

शुक्रवारी सिनेमा लागतो. दुपारपर्यंत स्टार पडतात, रात्री मीम फिरतात आणि सोमवारी विषय संपलेला असतो. या वेळापत्रकात अजिबात न बसणारा एक सिनेमा मला बरेच दिवस खुणावतो आहे. नाव ‘मरून्ड’, म्हणजे अडकून पडलेले. १९६९च्या अखेरीस तो अमेरिकेत लागला आणि त्याचा निकाल लागायला पुढची काही दशकं गेली.

गोष्ट साधी आहे. तीन अंतराळवीर काही महिने अंतराळातल्या प्रयोगशाळेत राहून परत निघतात. पृथ्वीकडे वळण्यासाठी इंजिन पेटायला हवं, ते पेटत नाही. यान पृथ्वीभोवती फिरत राहतं. ऑक्सिजन जेमतेम दोन दिवसांचा. खाली नासामध्ये ग्रेगरी पेक नावाचा दिग्गज नट थंड चेहऱ्यानं हिशेब मांडत असतो : बचावयान पाठवायचं का, कधी, आणि तोवर तिघांना हवा पुरेल का? त्यात वादळ येतं. शेवटी मदतीला आणखी कोण येतं, तर एक सोव्हिएत यान. शीतयुद्धाच्या काळात!

दिग्दर्शक जॉन स्टर्जेस हे ‘द ग्रेट एस्केप’सारखे थरारपट करणारे. त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. पण अनेक समीक्षकांना सिनेमा संथ आणि कोरडा वाटला. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. जुलै १९६९मध्ये लोकांनी माणसाला चंद्रावर उतरताना थेट टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ येऊन गेला होता. एकीकडे खरा चंद्र, दुसरीकडे कुब्रिक. या दोघांच्या मध्ये ‘मरून्ड’ सापडला. शिवाय यात नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही, फक्त यंत्रांची गुणगुण. हेडफोन लावलेली माणसं आकडे वाचत बसतात आणि आपण ती ऐकत बसतो. मलाही मध्यावर घड्याळ बघावंसं वाटलं.

तरी ७ एप्रिल १९७०च्या समारंभात या सिनेमाला दृश्य परिणामांसाठीचा ऑस्कर मिळाला. चारच दिवसांनी अपोलो १३ चंद्राकडे झेपावलं.

१३ एप्रिलला, पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरवर, त्या यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. आत तीन अंतराळवीर. चंद्रावर उतरणं रद्द झालं. दोन माणसांसाठी बनवलेल्या चांद्रयानात तिघांनी आसरा घेतला. आतला कार्बन डायऑक्साइड वाढू लागला, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून हवा शुद्ध करायचा जुगाड केला गेला. त्याची कृती खालून, रेडिओवरून, एकेक पायरी वाचून दाखवण्यात आली. १७ एप्रिलला तिघं सुखरूप प्रशांत महासागरात उतरले.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथे आहे. ‘मरून्ड’मध्ये जे कंटाळवाणं वाटलं होतं, नेमकं तेच ह्यूस्टनमध्ये घडलं. हेडफोन लावलेली माणसं आकडे वाचत बसली आणि त्या वाचण्यावर तीन जीव टांगलेले होते. अंतराळात जीव वाचवण्याचं काम बरंचसं टेबलावरचं असतं. वही, पेन्सिल आणि न घाबरलेला आवाज. सिनेमानं हे आधीच दाखवलं होतं, पण तो लागला तेव्हा ते ओळखायला कुणाकडे कारण नव्हतं.

पुढचं वळण आणखी अनपेक्षित. मे १९७०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष फिलिप हँडलर मॉस्कोला गेले. सोव्हिएत शास्त्रज्ञांशी बोलताना त्यांनी ‘मरून्ड’ची गोष्ट सांगितली : एक अमेरिकी यान अडकतं आणि तुमचा माणूस मदतीला येतो. तेव्हा दोन्ही देशांची यानं एकमेकांना जोडता येतील अशी बनवलेलीच नव्हती. ऑक्टोबरात त्यावर मॉस्कोत बोलणी सुरू झाली, १९७२मध्ये करार झाला आणि जुलै १९७५मध्ये अपोलो व सोयूझ अंतराळात जोडले गेले. हे सगळं एका सिनेमामुळे झालं, असं म्हणणं भाबडेपणा होईल. त्याला राजकारणाची मोठी कारणं होती. पण बोलणं सुरू करायला एक गोष्ट लागते. ती समीक्षकांनी बाजूला सारलेल्या सिनेमानं पुरवली.

म्हणून त्याचं नशीब फळफळलं का? नाही. १९९२मध्ये जुन्या सिनेमांची टर उडवणाऱ्या एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमानं नाव बदललेली त्याची आवृत्ती दाखवून तासभर खिल्ली उडवली.

दरम्यान मेक्सिको सिटीत लहानपणी हा सिनेमा पाहिलेला एक मुलगा मोठा होऊन दिग्दर्शक झाला होता. अल्फोन्सो क्वारोन. २०१३मध्ये त्याचा ‘ग्रॅव्हिटी’ आला. पुन्हा अडकलेला माणूस, पुन्हा संपत चाललेला ऑक्सिजन. या वेळी समीक्षक खूश झाले. सात ऑस्कर मिळाले. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी ट्विटरवर चुकांची यादीच मांडली : हबल दुर्बीण आणि अंतराळ स्थानक वेगवेगळ्या कक्षांत असताना एकमेकांना दिसतील कशी, सँड्रा बुलकचे केस तरंगत का नाहीत. पण सिनेमा आवडला, हेही त्यांनी सांगितलं.

आपल्याकडे ‘ग्रॅव्हिटी’चं स्वागत वेगळंच झालं. त्यात शरीफ नावाचा अंतराळवीर राज कपूरच्या ‘श्री ४२०’मधलं गाणं गुणगुणतो, तेव्हा टाळ्या पडल्या. आणि जून २०१४मध्ये श्रीहरिकोट्याला पंतप्रधान मोदींनी आपल्या मंगळ मोहिमेचा खर्च या हॉलिवूडपटापेक्षाही कमी असल्याचं सांगितलं. मंगळयानाचे ४५० कोटी रुपये पुढे बराच काळ ‘ग्रॅव्हिटी’च्या शेजारी ठेवून मोजले गेले. हेही एक प्रकारचं समीक्षणच. सिनेमा कुणाच्या कशा उपयोगी पडेल, हे तो बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

‘मरून्ड’चा निकाल मला सापडला तो क्वारोनच्याच ‘रोमा’मध्ये, २०१८ साली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं मेक्सिको सिटी. वडील घर सोडून गेले आहेत आणि मुलांना ते नीट सांगितलेलं नाही. मुलं धावत थिएटर गाठतात. पडद्यावर ‘मरून्ड’ चालू आहे. अंधाऱ्या पोकळीत एक माणूस दुसऱ्यापर्यंत पोचायची धडपड करतो आहे. घर फुटत असताना एक मूल ते टक लावून बघत असतं. त्या वर्षीच्या परीक्षणांत या प्रेक्षकाचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्यानं ते दिलं, पण अर्ध्या शतकानं.